स्लाइडला चूक माफ नसते

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.१०
नवी वही. जुनी, निगेटिव्ह फिल्मची, आज बंद केली. यापुढे फक्त कलर स्लाइड. वहीत फक्त फ्रेमचा नंबर, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि उजेड. घरगुती रडगाणं एक ओळही लिहायचं नाही.

ही बहिणीकडे गेली. चार दिवसांसाठी. दोन मोठ्या बॅगा, एक छोटी, शिवणयंत्र. निघताना "जाते" म्हणाली. खरं तर "येते" म्हणतात. टॅक्सीवाला खाली हॉर्न बडवत होता, घाईत राहून गेलं असेल.

घरात छान शांतता आहे. कामाला उत्तम.

१२ फेब्रुवारी, बुधवार
फ्रिजमधून रोल काढला. लोणी ठेवायच्या कप्प्यात होता. शेवटचा. लॅबवाला म्हणतो नवा माल कधी येईल ते देवालाही ठाऊक नाही, आणि तो स्वतः स्लाइड धुतो ती महिन्यातून एकदाच, पंधरा तारखेला. म्हणजे छत्तीस फ्रेम, त्यातली एकही वाया घालवायची नाही.

विषय ठरला: घर. आपलंच. चोवीस मार्चला लग्नाला तीस वर्षं होतील. त्या दिवशी हॉलच्या भिंतीवर प्रोजेक्टरने छत्तीस स्लाइड दाखवायच्या. आधी कोणाला काही सांगायचं नाही. ही नक्की रडणार. तीस वर्षांत मी तिला सरप्राइज असं दिलंच नव्हतं, हा तिचा एक मुद्दा होता. तो निकाली निघेल.

स्लाइडचं एक आहे. तिला चूक माफ नसते. अर्धा स्टॉप इकडेतिकडे झाला की संपलं. निगेटिव्हवाल्यांचं बरं असतं, कितीही गोंधळ घाला, प्रिंट करताना सांभाळून घेतात. सासुरवाडीला लाडावलेले जावईच ते. माझा स्वभाव पहिल्यापासून स्लाइडचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
फ्रेम १. हॉलची खिडकी, सकाळी ९.०५. एफ ८, १/६०. ट्रायपॉड. लाइट मीटरवर उजेड तीनदा मोजला.

मुलीचा फोन. जेवताय ना बाबा, म्हणाली. म्हटलं ब्रेड आहे, अंडी आहेत. मग म्हणाली, आईशी बोललात का. म्हटलं उद्या येईलच की, चार दिवस होतात. त्यावर फोनच कट झाला. तिच्याकडची लाइन सारखी खराब असते.

१६ फेब्रुवारी, रविवार
ही आली नाही. मेहुणीचे गुडघे दुखत असतील. मोठी बहीण म्हटल्यावर करावं लागतं.

फ्रेम २ ते ५ झाल्या. पॅसेज, कपाटाचा आरसा, बाल्कनीचं दार (दोन). सगळ्या पहिल्या फटक्यात. याचं कारण मला आज कळलं. एरवी प्रत्येक फ्रेममध्ये ही यायची. उजेड जमून आला की हिला नेमके तेव्हाच कपडे वाळत घालायचे असायचे, नाहीतर केर काढायचा असायचा. मला म्हणावं लागायचं, जरा बाजूला हो. आधी चिडायची, मग हसायची, मग नुसती बाजूला व्हायची. शेवटची काही वर्षं तर सांगावंही लागायचं नाही. मी कॅमेरा उचलला की आपली आपण बाजूला. चांगली तालीम झाली होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार
दूध उतू गेलं. पण भांड्यावरच्या वाफेत मागून येणारा उजेड अप्रतिम होता. फ्रेम ८. एफ ४, १/१५. दूध ओट्यावरून खाली, खालून फ्रिजखाली. पुसायचं आहे.

आठ दिवस झाले. फोन करणार होतो, पण गुडघ्यांचं चालू असताना मध्ये मध्ये फोन करून त्रास कशाला. समजूतदारपणा म्हणून एक गोष्ट असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार
मुलगी येऊन गेली. अर्धा तास. आईच्या बीपीच्या गोळ्या, जाड शाल, वाचायचा चष्मा आणि कपाटातली निळी फाइल घेऊन गेली. फाइलमध्ये हिची सर्टिफिकेटं आहेत, लग्नाआधीची. म्हटलं, सर्टिफिकेटं कशाला. म्हणाली, आईला एका शाळेच्या ऑफिसात काम मिळतंय. बरंच आहे, माणसाने बिझी असावं.

जाताना बूट घालता घालता म्हणाली, आई खोली बघतेय. मनात चमकलंच. डार्करूम! बावीस वर्षं मी म्हणतोय की मला एक स्वतंत्र अंधारी खोली पाहिजे. म्हणजे सरप्राइजचा बेत तिकडेही शिजतोय तर. मी वेड पांघरलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग ओटा पुसून गेली.

फ्रिजखालचं दूध मात्र तिलाही दिसलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
हिला पत्र लिहायला बसलो. फोनपेक्षा पत्र बरं, विचार करून लिहिता येतं. "प्रिय" लिहिलं. तेवढ्यात उन्हाची तिरीप टेबलावर आली, बरोबर कागदाच्या कडेला. फ्रेम १४: टेबल, कागद, पेन. एफ ५.६, १/३०. पेन दोन सेंटीमीटर डावीकडे सरकवलं, तेव्हा जमलं.

पत्र उद्या.

२४ फेब्रुवारी
आज ढग. ढगाळ उजेडात पत्र लिहायला मूड नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळ
मुलीचा फोन, पंचवीस मिनिटं. इतकं ती माझ्याशी कधी बोलत नाही. मुद्दे:

आई म्हणते की त्या घरात तिला उभं राहायला जागा नाही. (फोन ठेवल्यावर टेप घेऊन मोजलं. हॉल चौदा बाय अकरा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवले तरी दोन माणसं आरामात उभी राहतात. हे तिला आकड्यांनिशी दाखवता येईल.)

आई म्हणते, रविवारी चार वाजता मावशीकडे या. एकटे. कॅमेरा घरी ठेवून. एकदा समोरासमोर बसून बोला. चार वाजता म्हणजे चारच वाजता, कारण साडेपाचला आईला घरमालकाला खोलीचं हो-नाही सांगायचंय.

मग मुलगी म्हणाली, बाबा, या वेळी नाही आलात तर आई परत नाही विचारणार. हे सांगताना आवाज जरा बसका होता. सर्दी असेल. हळदीचं दूध घे म्हणालो.

जाणार अर्थात. प्रश्नच नाही.

१ मार्च, शनिवार
तयारी. शर्ट इस्त्री. दाढी उद्या. काय बोलायचं त्याचा विचार केला. आधी सात मुद्दे काढले होते, मग खोडले. शेवटी दोनच शब्द ठेवले: चल घरी. साधं, थेट. आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं.  तिसऱ्यांदा ठीक वाटलं. हे दोन शब्द म्हटले की ती बॅग भरायला घेईल याबद्दल मला शंका नाही. तीस वर्षं ओळखतो मी तिला.

आणि नोकरीत एकतीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्याच बघितल्या की. बंपर, दार, चॅसी. एक नजर टाकली की नुकसान किती ते सांगायचो. या केसमध्ये पत्रा जरा दबलाय, बस. रंग गेलेला नाही. मी उभ्या आयुष्यात घाईने कधी टोटल लॉस लिहिलेला नाही.

आतापर्यंत २३ फ्रेम.

२ मार्च, रविवार. सायंकाळी ७.३०
सविस्तर लिहितो, म्हणजे गैरसमज नको.

तीन वाजता तयार होतो. शर्ट घातला होता. बूट घालायला स्टुलावर बसलो, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी काल उतरवली, त्यामुळे या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिथपर्यंत ऊन पोचलं. भांड्यांच्या मांडणीवर, झाऱ्यावर, हिच्या अडकवलेल्या एप्रनवर. मी या भिंतीसाठी किती वर्षं थांबलो होतो! पाच मिनिटांचं काम. फ्रेम २४, एफ ८, १/१२५. मग ऊन सरकलं आणि आणखी चांगलं झालं. फ्रेम २५. मग एप्रन मध्ये येत होता, तो काढून ठेवला. २६, २७. मग ऊन पिवळं व्हायला लागलं. २८.

घड्याळ बघितलं तर पाच वाजायला दहा कमी.

मेहुणीकडे पोचलो सहा दहाला. ही नव्हती. खोली नक्की करायला गेली म्हणाली मेहुणी. चार ते साडेपाच खिडकीपाशी बसली होती म्हणाली. मला चहा दिला, पण स्वतः बसली नाही. माझ्या खांद्याकडे बघत होती. बघितलं तर कॅमेरा होता. कधी अडकवला लक्षात नाही. सवय.

मेहुणीला उन्हाचं सांगितलं, टाकीचंही सांगितलं. ती म्हणाली, कप तिथेच ठेवा, मी नेते.

३ मार्च, सोमवार
शांत डोक्याने विचार केला. चूक कोणाचीच नाही. वेळेची निवड चुकली. चार ही उजेडाची वेळ आहे, कोणीही फोटोग्राफर सांगेल. दुपारी एक सांगितलं असतं तर मी साडेबारालाच हजर असतो. एकच्या उन्हाला काही अर्थ नसतो.

पुढच्या भेटीसाठी एकची वेळ सुचवायची.

४ मार्च
फोन केला. उचलला नाही. शाळेच्या ऑफिसात असेल. कामाच्या वेळी फोन न उचलणं योग्यच.

६ मार्च, गुरुवार
फोन केला नाही. फ्रेम ३१, बेडरूम. पलंगाची उजवी बाजू, उशीशिवाय. उशी नेलीय हे आज कळलं. त्यामुळे डावीकडे वजन जास्त दिसत होतं, माझीही काढली. मग जमलं. एफ ४, १/८.

रात्री उशी परत ठेवायला विसरलो. तसाच झोपलो. काही फरक वाटला नाही.

७ मार्च
जेवलो का आठवत नाही. वहीत नोंद नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी १२.१५
आज ही आली.

बेल वाजली नाही, किल्लीने दार उघडून आली. मी पॅसेजच्या टोकाला ट्रायपॉड लावून बसलो होतो. फ्रेम ३५ साठी. दार उघडल्याबरोबर जिन्यातला उजेड आत आला आणि फरशीवर लांब पट्टा पडला. दार बंद असताना असा उजेड मिळणारच नव्हता. हे मला इतक्या वर्षांत सुचलं कसं नाही!

ही उंबऱ्यात उभी होती. निळा कुर्ता, नवा असावा. केस कापलेत. बारीक झालीय. म्हणाली, उरलेली पुस्तकं न्यायला आलेय. मग म्हणाली, तुम्ही कसे आहात. मी म्हणालो, बरा.  उभीच राहिली. बॅग खाली ठेवली. माझ्याकडे बघत होती, मी बोलेन म्हणून.

मला ते दोन शब्द आठवत होते. अगदी जिभेवर होते. पण जिन्यातल्या झरोक्यातलं ऊन जाईल की राहील सांगता येत नाही, ढग फिरत होते. म्हटलं एक मिनिट. आधी हे करून घेऊ, मग निवांत बोलू.

मी म्हणालो, अगं, जरा बाजूला हो.

ती झाली. लगेच. कपाटाच्या आड. मीटर घेतला, शटरची केबल दाबली. एफ ५.६, १/३०. सेफ्टीसाठी अर्धा स्टॉप वर आणखी एक, फ्रेम ३६. रोल संपला. कॅमेऱ्यातून डोळा काढला तेव्हा कपाटाच्या आड कोणी नव्हतं. किल्ली चपलांच्या कप्प्यावर ठेवली होती. पुस्तकं नेलीच नाहीत.

बाल्कनीत गेलो. खाली दिसली. हाक मारणार होतो. रस्ता ओलांडत होती, मध्येच हाक मारली असती तर गाडीबिडी. नाही मारली.

३५ आणि ३६ बहुधा रोलमधल्या सर्वोत्तम.

१० मार्च
रोल लॅबमध्ये दिला. लॅबवाला म्हणाला, पंधराला धुतो, माउंट करून चोवीसला देतो. म्हटलं चोवीसलाच पाहिजे, महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, समारंभ आहे का. हो म्हणालो.

१३ मार्च, गुरुवार
चार-चार खुर्च्या मांडून बघितल्या. पहिल्या रांगेत मधोमध ही. शेजारी मुलगी. मेहुणीला मागे. मला प्रोजेक्टरपाशी उभं राहावं लागणार. भिंतीवरचा खिळा काढला.

१७ मार्च
फोन केला. "हा नंबर सध्या उपलब्ध नाही." तीनदा ऐकलं. बाईचा आवाज चांगला आहे.

घरात आता उजेड बघत नाही. फिल्म नाही तर बघून करायचं काय. खुर्च्या तशाच आहेत. त्यांच्यामधून वाट काढत जातो.

२० मार्च, गुरुवार
मुलीला फोन करून चोवीसचं निमंत्रण दिलं. सरप्राइज फोडावं लागलं, इलाज नव्हता. स्लाइड शो, सात वाजता, आईला घेऊन ये. ती म्हणाली, आई दहा तारखेलाच नव्या खोलीत गेली बाबा. म्हटलं बरं, मग तिथून घेऊन ये. ती म्हणाली, बाबा.  मग म्हणाली, विचारते.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. आई येणार नाही. मीही नाही. काळजी घ्या.

दहा तारखेला, म्हणजे इथे येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.     कोणाला विचारायचं? मला त्या खोलीबद्दल काहीच माहीत नाही. किती बाय किती, कुठल्या दिशेला, सकाळचं ऊन येतं का.

२४ मार्च, सोमवार. सायंकाळ
दुपारी लॅबमध्ये गेलो. स्लाइड तयार होत्या. लॅबवाल्याने लाइट टेबलवर सहा-सहाच्या ओळीत मांडून ठेवल्या होत्या. छत्तीस. एकही काळी नाही, जास्त उजेडाने एकही उडालेली नाही. सावलीतसुद्धा सगळं दिसतंय. म्हणाला, पंचवीस वर्षांत असा रोल बघितला नाही साहेब, एक्स्पोजर म्हणजे एक्स्पोजर. मी त्याला मीटर तीनदा घेण्याचं तंत्र सांगितलं. त्याने भिंग घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पुन्हा बघितल्या. मीही मान डोलावत उभा होतो.

मग भिंग खाली ठेवून म्हणाला, भाडं काय सांगताय?

मला कळलं नाही. तो म्हणाला, नाही, जाहिरातीसाठी काढलेत ना. माझा साडू घर शोधतोय. नवरा-बायको दोघंच आहेत. हे हवेशीर दिसतंय, उजेड छान आहे, रिकामंच आहे म्हणजे लगेच मिळेल.

म्हटलं, रिकामं नाही. आम्ही राहतो तिथे.

त्याने पुन्हा एक स्लाइड उचलून दिव्यासमोर धरली. पलंगाची. मग माझ्याकडे बघितलं. राहता? म्हणाला.

मी म्हटलं, मी राहतो.

तो सॉरी म्हणाला. स्लाइड डबीत भरून दिल्या. डबी नीट बंद होत नव्हती, रबर लावून दिलं.

घरी आलो. प्रोजेक्टर लावला नाही. खुर्चीवर बसलो, पहिल्या रांगेत. वाईट वाटलं. इतके दिवस वाटलं नव्हतं, आज वाटलं, आणि ते थांबेना. चार वाजता मुलीला फोन केला. शोबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, आईच्या नव्या खोलीचा पत्ता दे.

ती म्हणाली, आईला विचारून सांगते.

आता सात वाजलेत. अजून सांगितलेलं नाही.